खून झाला होता का?

खुनाच्या बहुतेक खटल्यांत एका गोष्टीवर वाद नसतो: खून झालेला असतो. प्रेतावर वार असतात, गोळी सापडते, व्हिसेऱ्यात विष निघतं. मग केला कोणी एवढाच प्रश्न उरतो. निरपराध माणसाला शिक्षा झाल्याच्या ज्या हकिकती आपण ऐकतो, त्याही बहुधा याच प्रश्नाच्या उत्तरात चूक झाल्याच्या असतात. साक्षीदाराने भलत्यालाच ओळखलं, कबुलीजबाब मारून घेतला, पंचनामा मागाहून लिहिला. पण गेल्या तीस वर्षांत युरोप आणि ऑस्ट्रेलियात काही खटले असे झाले, की तिथे आरोपी चुकीचा पकडला होता असं म्हणणंसुद्धा अपुरं ठरेल. तिथे गुन्हाच घडलेला नव्हता. मृत्यू नैसर्गिक होते, किंवा नैसर्गिक नव्हते असं सांगता येण्याजोगा पुरावा कोणाकडे नव्हता. तरी त्या मृत्यूंपायी बायका वर्षानुवर्षं तुरुंगात राहिल्या.

हे घडलं कसं? थोडक्यात सांगायचं तर, मृत्यू इतके विचित्र वाटले की तो विचित्रपणाच पुरावा मानला गेला. ‘असं आपोआप होणं शक्यच नाही’ हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर शंभरदा बोलतो. तेच वाक्य पांढरा कोट घालून आणि हातात आकडा घेऊन न्यायालयात आलं, तेव्हा त्याला कोणी फारसं अडवलं नाही.

सॅली क्लार्क इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात राहणारी वकील. नवराही वकील. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांचा पहिला मुलगा अकरा आठवड्यांचा असताना पाळण्यात बेशुद्ध सापडला आणि गेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी श्वसनमार्गाचा संसर्ग हे कारण लिहिलं, अंत्यसंस्कार झाले, विषय मिटला. जानेवारी १९९८ मध्ये दुसरा मुलगाही गेला, आठ आठवड्यांचा असताना, जवळपास तशाच रीतीने. या वेळी त्याच डॉक्टरांना संशय आला. त्यांनी दुसऱ्या मृत्यूकडे गुन्हा म्हणून पाहिलंच, शिवाय मागे जाऊन पहिल्या मृत्यूचं कारणही बदललं. जो संसर्ग होता तो आता गुदमरवणं झाला. आता बाळाचं शरीर तर उरलं नव्हतं. उरल्या होत्या नोंदी, छायाचित्रं आणि तपासणीच्या काचपट्ट्या. त्या तशाच होत्या, बदललं होतं ते त्यांच्याकडे बघणाऱ्याचं मत.

खटला १९९९ मध्ये चेस्टरच्या क्राउन कोर्टात उभा राहिला. वैद्यकीय पुरावा गुंतागुंतीचा होता, तज्ज्ञांचं आपसात जमत नव्हतं. सर रॉय मेडो हे त्या काळचे ब्रिटनमधले नामांकित बालरोगतज्ज्ञ सरकार पक्षाचे साक्षीदार होते. एकाच घरात एक बाळ अचानक गेलं तर ते दुर्दैव, दुसरं गेलं तर संशय, तिसरं गेलं तर उलट सिद्ध होईपर्यंत खून, अशा आशयाचं सूत्र त्यांच्या नावाने ओळखलं जाई. त्यांनी साक्षीत एक आकडा सांगितला. ज्या घरात कोणी सिगारेट ओढत नाही, कोणीतरी कमावतं आहे आणि आईचं वय सव्वीसच्या पुढे आहे, अशा घरात बाळ झोपेत अचानक, कारण न सापडता दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. दोन बाळं दगावण्याची शक्यता? ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. इंग्लंडात असं शंभर वर्षांतून एकदा घडेल, असंही त्यांनी ज्युरीला समजावलं. वर घोड्यांच्या शर्यतीचा दाखला दिला: ऐंशीला एक भाव असलेला घोडा ग्रँड नॅशनलमध्ये चार वर्षं ओळीने जिंकावा, तसं हे.

नोव्हेंबर १९९९ मध्ये ज्युरीने दहा विरुद्ध दोन मतांनी तिला दोषी ठरवलं.

त्या गुणाकाराकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण त्यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. त्यातली एक शाळकरी आहे. दोन घटनांच्या शक्यता एकमेकींशी गुणायच्या तर त्या घटना एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र हव्यात. नाणं दोनदा उडवलं तर पहिल्या खेपेचा दुसरीवर परिणाम नसतो. पण सख्खे भाऊ म्हणजे नाण्याच्या दोन फेकी नव्हेत. त्यांचे आईबाप एक, घर एक, अंथरूण-पांघरुणाची रीत एक, आणि जनुकं बऱ्याच अंशी सारखी. पहिलं बाळ एखाद्या न कळलेल्या आनुवंशिक दोषाने गेलं असेल, तर दुसऱ्याचा धोका इतर घरांपेक्षा कितीतरी जास्त. मुलग्यांमध्ये असे मृत्यू मुलींपेक्षा अधिक होतात हेही माहीत होतं, आणि सॅलीची दोन्ही बाळं मुलगेच होती. धोका कमी करणाऱ्या तीन गोष्टी मोजणीत घेतल्या गेल्या, वाढवणारी ही गोष्ट मात्र बाहेर राहिली. गंमत अशी, की ज्या अहवालातून तो आकडा आला होता त्याच अहवालात, घरात दुसरं मूल दगावलं तर आनुवंशिक आजाराचा बारकाईने शोध घ्यावा आणि छळ झालाच असं धरून चालू नये, असंही म्हटलेलं होतं.

दुसरी चूक जास्त खोल आहे, आणि शिकलेली माणसंही तिच्यात सहज अडकतात. समजा तो आकडा बरोबर आहे. तरी त्याचा अर्थ काय? निरपराध आईची दोन बाळं अशी जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. ज्युरीच्या कानात मात्र हे असं शिरलं: ती निरपराध असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. ही दोन वाक्यं एक नाहीत. पत्त्यांच्या कॅटमधून तुम्हाला तेरा पानं वाटली, तर नेमकी तीच तेरा पानं हातात येण्याची शक्यता सुमारे ६३ हजार ५०० कोटींत एक असते. तरी पानं वाटणाऱ्याची गचांडी कोणी धरत नाही, कारण कुठली ना कुठली तेरा पानं येणारच होती. लबाडीचा संशय घ्यायचा तर आधी विचारावं लागतं की लबाडीने तीच पानं येण्याची शक्यता किती. सॅलीच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. दोन बाळं कारणाशिवाय जाणं दुर्मीळ, हे खरं. पण आईने स्वतःची दोन बाळं एकामागोमाग मारणं हेही अतिशय दुर्मीळ. दोन बाळं तर गेलेलीच आहेत. तेव्हा तुलना करायची ती या दोन दुर्मीळ गोष्टींची आपसात. सॅलफर्ड विद्यापीठातले गणिती रे हिल यांनी पुढे उपलब्ध माहितीवरून हा हिशोब मांडला, तेव्हा दोन नैसर्गिक मृत्यू हे दोन खुनांपेक्षा साडेचार ते नऊ पटींनी अधिक संभवनीय निघाले. काटा उलट बाजूला झुकला.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून या आकड्याला काही संख्याशास्त्रीय आधार नाही असं सांगितलं. शास्त्रज्ञांची एखादी जुनी संस्था खुनाच्या निकालाबद्दल असं उघडपणे बोलते, हे नित्याचं नव्हतं. त्याआधी २००० मध्ये पहिलं अपील फेटाळलं गेलं होतं. आकड्यात खोट आहे हे अपील न्यायालयाने तेव्हाही बऱ्याच अंशी मान्य केलं होतं. पण उरलेला पुरावाच इतका भक्कम आहे की फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा उरलेला पुरावा म्हणजे बहुतांशी ते बदललेलं शवविच्छेदन.

ते शवविच्छेदनही कोसळलं, तेही गणितामुळे नाही, एका कागदामुळे. सॅलीच्या बाजूने विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांच्या हाती रुग्णालयाच्या नोंदींमध्ये सूक्ष्मजीव तपासणीचा अहवाल लागला. दुसऱ्या बाळाच्या मेंदूभोवतीच्या द्रवासकट शरीरात अनेक ठिकाणी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडल्याची त्यात नोंद होती. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना तो अहवाल माहीत होता. बचाव पक्षाला, इतर तज्ज्ञांना, ज्युरीला तो दाखवलाच गेला नव्हता. फौजदारी खटल्यांचा फेरविचार करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने प्रकरण पुन्हा अपील न्यायालयाकडे पाठवलं आणि २९ जानेवारी २००३ रोजी शिक्षा रद्द झाली. तीन वर्षांहून अधिक काळ ती तुरुंगात होती, तीही मुलांना मारणारी आई म्हणून, जिला इतर कैदीही सोडत नाहीत. मार्च २००७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी अतिमद्यपानाने तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांवर गंभीर गैरवर्तनाचा ठपका आला. मेडो यांचं नाव २००५ मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं, पण पुढच्या वर्षी न्यायालयाने तो निर्णय फिरवला: चूक झाली, गंभीर गैरवर्तन म्हणावं एवढी नाही.

सॅली सुटली त्याच वर्षी, जून २००३ मध्ये, बर्कशायरमधल्या भारतीय वंशाच्या एका फार्मासिस्ट बाईचा खटला चालला. तिची तीन तान्ही बाळं गेली होती; मेडो यांच्या सूत्रानुसार तो खूनच. त्या खटल्यात साक्ष द्यायला तिची ऐंशी वर्षांची आजी भारतातून गेली आणि सांगितलं, की मला बारा मुलं झाली, त्यातली पाच तान्हेपणीच गेली. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या तोंडी असे हिशोब असतच आणि त्यात कोणाला विशेष वाटत नसे. रेडिंगच्या त्या न्यायालयात मात्र आजीच्या साक्षीने एक प्रश्न उभा केला, जो प्रयोगशाळेने आधीच विचारायला हवा होता: हे घराण्यातच असेल तर? ज्युरीने दीड तासाच्या आत तिला निर्दोष सोडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अँजेला कॅनिंग्ज या तीन बाळं गमावलेल्या आणखी एका आईची जन्मठेप अपिलात रद्द झाली. तिच्याही घराण्यात मागच्या पिढ्यांत अशी बाळं दगावल्याचं बाहेर आलं होतं. त्या निकालपत्रात न्यायालयाने म्हटलं, की नामवंत तज्ज्ञांमध्येच गंभीर मतभेद असतील आणि नैसर्गिक कारण नाकारता येत नसेल, तर वेगळा ठोस पुरावा असल्याशिवाय असा खटला भरूच नये. त्यानंतर अर्भकमृत्यूंच्या २९७ जुन्या खटल्यांची सरकारी फेरतपासणी झाली.

नेदरलँड्समध्ये याच सुमारास हीच चूक जास्त मोठ्या आकड्यासह चालली होती. लुसिया द बर्क हेगच्या बालरुग्णालयात परिचारिका होती. सप्टेंबर २००१ मध्ये तिच्या पाळीत एक तान्ही मुलगी गेली. मृत्यू आधी नैसर्गिकच समजला गेला होता. पण लुसियाच्या पाळीतच असं फार घडतं अशी कुजबुज विभागात होती. मग मागचे कागद उपसले गेले. कुठल्या घटना संशयास्पद, हे ठरवण्याची पद्धतच अशी होती की ती हजर असलेल्या घटनांकडे जास्त कडक नजरेने पाहिलं गेलं. मग त्याच यादीवरून सिद्ध केलं, की संशयास्पद घटनांच्या वेळी तीच हजर असते. हे केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक आहे असा आकडा न्यायालयापुढे आला. तीन विभागांतले आकडे वेगवेगळे काढून त्यांचा सरळ गुणाकार केला होता. असा गुणाकार केला की कुठलीही परिचारिका पुरेसे विभाग बदलत राहिली तर हळूहळू संशयितच ठरते. लायडनचे संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड गिल आणि इतरांनी पुढे रीतसर हिशोब केले, तेव्हा कोट्यवधींचा आकडा काही दहांवर आला. त्याहून साधी गोष्ट अशी: त्या विभागात ती यायच्या आधीच्या तीन वर्षांत सात मृत्यू झाले होते, ती असतानाच्या तीन वर्षांत सहा. खुनी परिचारिका आल्यावर मृत्यू कमी झाले!

२००४ मध्ये अपिलात तिला सात खुनांसाठी आणि तीन प्रयत्नांसाठी जन्मठेप झाली. न्यायालयाने निकालपत्रात लिहिलं की आम्ही संभाव्यतेच्या आकड्यावर विसंबलेलो नाही. म्हटलं तर खरं होतं. आकडा दाराबाहेर काढला होता, त्याने पेटवलेला संशय आत बसून होता. एका मृत्यूत डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचा पुरावा पटला म्हणून बाकीचे मृत्यू तिच्या माथी मारायला कमी पुरावा पुरला. पुढे तो डिगॉक्सिनचा पुरावाच टिकला नाही. एका वृद्धरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईने आणि तिच्या भावाने, विज्ञानाचे तत्त्वज्ञ टोन डर्कसन यांनी, कागद न कागद तपासून २००६ मध्ये पुस्तक काढलं आणि मग चक्रं फिरली. मधल्या काळात लुसियाला तुरुंगात पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. १४ एप्रिल २०१० रोजी ती निर्दोष ठरली.

लुसियाच्या विरोधात एक डायरी होती. आपल्याला एक अनावर ओढ आहे, ती कोणाला सांगता येत नाही, अशा अर्थाचं तिने लिहिलं होतं, आणि त्यातली एक नोंद एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूच्या दिवशीची. तिचं म्हणणं, ही ओढ टॅरो पत्ते पाहण्याची. रुग्णांना ती पत्ते पाहून धीर द्यायची आणि ते नियमाबाहेर होतं. पटण्याजोगं आहे का? असेल, नसेल. पण ज्याला आधीच खुनी मानलं त्याच्या वहीत खुनाची कबुली सापडणं फार सोपं असतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅथलीन फोलबिगच्या बाबतीत तर सगळा खटलाच डायरीवर उभा राहिला.

न्यू साउथ वेल्समधल्या या बाईची चार मुलं दहा वर्षांत गेली. पहिला मुलगा १९८९ मध्ये एकोणीस दिवसांचा असताना. दुसरा १९९१ मध्ये आठ महिन्यांचा. त्याला अपस्मार होता आणि दृष्टी गेली होती. तिसरी मुलगी १९९३ मध्ये दहा महिन्यांची. चौथी १९९९ मध्ये दीड वर्षाची, जिच्या शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूला सूज आढळली होती. दुरावलेल्या नवऱ्याला घरात तिची डायरी सापडली, ती त्याने पोलिसांना दिली. डायरीत ती स्वतःला दोष देत होती. आपल्या रागाची भीती लिहीत होती. तिसरी मुलगी थोड्या मदतीने निघून गेली अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. मी मारलं, असं मात्र एकाही पानावर नव्हतं. मुलांच्या अंगावर गुदमरवल्याची खूण नव्हती. पण एकाच घरातली चार मुलं नैसर्गिक कारणाने गेल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही, असं तज्ज्ञ सांगत होते. २००३ मध्ये तीन खून आणि एक सदोष मनुष्यवध यासाठी तिला चाळीस वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती तीस झाली. देशातली सर्वांत वाईट आई, असं वर्तमानपत्रांनी तिला म्हटलं.

‘आम्ही कधी ऐकलं नाही’ यात केवढा भाग ‘आम्ही कधी शोधलं नाही’ हा होता ते पंधरा वर्षांनी कळलं. मानवी जनुकसंचाचं पूर्ण वाचन २००३ साली कुठल्याही न्यायालयाच्या आवाक्यात नव्हतं. २०१८ मध्ये कॅनबेराच्या प्रतिकारशास्त्रज्ञ कॅरोला व्हिन्युएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलबिगची जनुकं वाचली, आणि पुढे मुलांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांचीही तपासणी झाली. दोन्ही मुलींमध्ये कॅल्म-टू या जनुकात एक बदल सापडला, आईकडून आलेला. हे जनुक कॅलमोड्युलिन नावाचं प्रथिन बनवतं. हृदयाचा प्रत्येक ठोका पेशीत कॅल्शियम आत-बाहेर होण्यावर चालतो आणि त्या ये-जा करणाऱ्या दारांना कॅलमोड्युलिन वेळेवर उघडतं-बंद करतं. ते बिघडलं तर धडधाकट दिसणाऱ्या मुलाचं हृदय ताप, औषध किंवा श्रमाच्या निमित्ताने अचानक लय सोडू शकतं, आणि शवविच्छेदनात काही दिसत नाही. लय बिघडल्याची खूण ऊतींवर राहत नाही. कॅलमोड्युलिनच्याच दुसऱ्या एका जनुकात नेमक्या त्याच जागी बदल असलेलं एक कुटुंब नोंदलेलं होतं. त्यातलं एक मूल गेलं होतं आणि दुसऱ्याचं थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करावं लागलं होतं. मग तोच बदल असलेली आई जिवंत कशी? असे दोष सगळ्यांना सारखे बाधत नाहीत; एकाच घरात कोणाला काही होत नाही, कोणाला फक्त भोवळ येते, कोणी जातं. मुलग्यांमध्ये दुसऱ्याच एका जनुकात दुर्मीळ बदल सापडले. त्या जनुकाचा उंदरांमधल्या जीवघेण्या अपस्माराशी संबंध दिसला होता, पण मुलग्यांबाबतचा हा पुरावा मुलींइतका पक्का नाही.

तरी २०१९ च्या पहिल्या चौकशीत निवृत्त न्यायाधीशांनी शिक्षा योग्यच ठरवली, आणि त्यांचा भर पुन्हा डायरीवर. २०२० मध्ये जनुकाबद्दलचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला, २०२१ मध्ये नव्वद शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी, त्यात दोन नोबेल विजेते, माफीसाठी अर्जावर सह्या केल्या, आणि दुसरी चौकशी लागली. या खेपेला ऑस्ट्रेलियन ॲकॅडमी ऑफ सायन्सने योग्य तज्ज्ञ सुचवले, आणि डायरी मानसोपचारतज्ज्ञांपुढे ठेवली गेली. मूल गेलेल्या आया स्वतःला असंच कोसतात, हे त्यांनी सांगितलं. यासाठी तज्ज्ञ लागावा याचं मला नवल वाटतं. कुठल्याही गावात, मूल दगावलेल्या घरी चार दिवस बसून आलेल्या शेजारणीने हे सांगितलं असतं. ५ जून २०२३ रोजी फोलबिगला माफी मिळाली, डिसेंबरमध्ये सगळ्या शिक्षा रद्द झाल्या. वीस वर्षं गेली होती.

असंच एक पत्रांचं प्रकरण आपल्या पुण्यात घडलं, आणि त्याचा निकाल या सगळ्याच्या कितीतरी आधी लागला. जून १९८२ मध्ये लग्नाला जेमतेम चार महिने झालेली एक मुलगी सासरी मृतावस्थेत सापडली. मृत्यू सायनाइडने झाला होता. नवरा रसायन अभियंता. तिने माहेरी बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. नवऱ्याच्या दुर्लक्षाने ती खचून गेल्याचं त्यांतून दिसत होतं. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती फझल अली यांच्या खंडपीठापुढे ती पत्रं पुन्हा वाचली गेली. खचलेली मुलगी खुनाला बळी पडू शकते, तशी स्वतःही विष घेऊ शकते. पत्रं दोन्हीकडे बोट दाखवत होती. विष दिलं गेलं की घेतलं गेलं हेच ठरत नव्हतं, आणि १७ जुलै १९८४ रोजी नवरा सुटला. हाच ‘शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं त्यात आहेत, ज्यांना न्यायालयाने पंचशील म्हटलं. तालुक्याच्या कोर्टात फौजदारी काम करणाऱ्या वकिलालाही ती पाठ असतात. त्यांचं सार असं: प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, तिचा मेळ फक्त आरोपीच्या अपराधाशीच बसावा, दुसऱ्या कुठल्याही शक्यतेला जागा राहू नये, आणि साखळी अखंड हवी. आरोपीचा बचाव खोटा ठरला तरी त्याने तुटलेली कडी सांधता येत नाही, हेही तिथेच बजावलं आहे.

आता याची दुसरी बाजू बघितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. घरात होणारे खून घराच्या भिंतींआडच होतात. सुनेला मारून ‘पाय घसरला’, ‘स्टोव्ह भडकला’ सांगणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि प्रत्येक वेळी ‘नैसर्गिकही असू शकेल’ म्हणून सोडून दिलं तर त्या मुलींना न्याय कोण देणार? म्हणूनच साक्षीपुराव्याच्या कायद्यात, जुन्या कलम १०६ मध्ये आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये, जी गोष्ट खास आरोपीलाच ठाऊक असेल तिचा खुलासा त्याने करावा अशी तरतूद आहे. ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या २००६ च्या निकालात नवऱ्याची शिक्षा कायम राहिली ती याच आधाराने. सून साप चावून मेली असं सासरचे सांगत होते. पण तिथला क्रम पाहा. शवविच्छेदनाने गळा दाबल्याचं आधी दाखवलं, साप चावल्याची कथा त्यावर आपटून फुटली, आणि मग नवऱ्याला विचारलं गेलं की तुझ्या घरात हे झालं कसं. सॅली, लुसिया आणि कॅथलीन यांच्याकडे खुलासा मागितला गेला तो खून सिद्ध होण्याआधी. स्वतःची मुलं का गेली हे त्यांना माहीत नव्हतं. मेडो यांनाही ते माहीत नव्हतं. माहीत नसण्याची शिक्षा मात्र एकाच बाजूला झाली.

चूक झाली की ती उलटवायची सोय काय, हा पुढचा प्रश्न आणि तिथे देशादेशांत फार फरक आहे. सॅलीचं दुसरं अपील ज्या आयोगामुळे झालं तो ब्रिटनमध्ये १९९७ पासून काम करतो. ऑस्ट्रेलियात तसा राष्ट्रीय आयोग नाही. फोलबिगला राज्यपालांकडे अर्ज आणि दोन चौकश्या या वाटेने जावं लागलं. आपल्याकडेही असा आयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर उरतात पुनर्विलोकन याचिका, क्युरेटिव्ह याचिका आणि दयेचा अर्ज. या वाटेने क्वचित कोणी परत येतं. नाशिक रोडजवळच्या बेलतगव्हाणमध्ये जून २००३ मध्ये पाच जणांची निर्घृण हत्या झाली. तिथे खून झाला होता याबद्दल शंका नव्हती. भटक्या समाजातले सहा मजूर पकडले गेले. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून चार भलत्याच माणसांना ओळखलं होतं, ते चौघे कधी आरोपी झाले नाहीत. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पुढे त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता असं निघालं. २०१८ मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपील नव्याने ऐकलं आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले.

अशा माणसांना भरपाई देण्यासाठी कायदा करावा अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात केली आहे. तो कायदा अजून झालेला नाही. त्यामुळे या सहा जणांच्या बाबतीत न्यायालयाने निकालातच राज्य सरकारला आदेश दिला: प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, आणि तपासात कसूर करणारे अधिकारी कोण ते शोधून त्यांच्यावर कारवाई करावी. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाला भागलं, तर वर्षाला एकतीस हजार रुपये होतात.